शाकाहारी घरातले अकरा मासे

गेल्या वर्षी या पानावर मी इथल्या गराज सेलबद्दल लिहिलं होतं. ते वाचून मंडळातल्या बऱ्याच जणींनी विचारलं, "अगं, एवढी हिंडतेस, पण घेतेस तरी काय?" तेव्हा मी विषय बदलला, कारण उत्तर जरा लाजिरवाणं आहे. मी मासे घेते. लाकडाचे, पत्र्याचे, एक तर चक्क दात घासायच्या ब्रशचा. आमच्या दोन्हीकडच्या घरांत तीन पिढ्यांत कुणी मासा शिजवलेला नाही, आणि माझ्या जेवणाच्या खोलीत मात्र भिंतीवर अकरा मासे आहेत. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना ते पहिल्यांदा दिसले तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, हे काय गं?" म्हटलं, "लाकडाचे आहेत, आई." त्यावर त्या म्हणाल्या, "मग वास नसेल," आणि आम्ही वांग्याच्या भरतावर आलो.

सुरुवात एका सिगारच्या खोक्यापासून झाली. आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात. एका सेलमध्ये लेक जुन्या खेळातल्या गाड्या उचकत होता आणि मी पुस्तकं. बाजूला ते खोकं होतं, चार डॉलरची चिठ्ठी लावलेलं. उघडलं तर आत गळाला लावायची खोटी आमिषं. इथे त्यांना ल्यूर म्हणतात. खऱ्या किड्याऐवजी किंवा छोट्या मासळीऐवजी तसं दिसणारं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्यात तसं हलणारं काहीतरी दोरीला बांधून फेकायचं आणि मोठ्या माशाला भुलवायचं. दुकानातली मिळतातच, पण ही घरी केलेली होती. एक केरसुणीच्या दांड्याचा तुकडा, एका बाजूला तिरका कापलेला, डोकं लाल आणि अंग पांढरं. डोळ्यांच्या जागी गादीच्या खुर्चीला मारतात तसल्या गोल डोक्याच्या चुका. एक चहाचा चमचा, दांडी कापून टाकलेली, दोन टोकांना भोकं. आणि तो टूथब्रश! त्याच्या अर्धपारदर्शक पिवळ्या मुठीचा चार बोटं लांबीचा तुकडा, कानशीने निमुळता केलेला, खाली तीन तोंडांचा गळ. ब्रशवरची कंपनीची अक्षरं अर्धवट घासून तशीच सोडलेली. कुणीतरी हिवाळ्यातल्या संध्याकाळी, बहुधा पैसे वाचवायला, बहुधा रेडिओ ऐकत, हा ब्रश घासत बसलं असणार. मी ते खोकं घेतलं. पुस्तकं तिथेच राहिली.

आता माझ्यातल्या मास्तरणीला थोडं बोलू द्या. एम.ए.ला माझा लोकसाहित्याचा पेपर होता. आम्हाला शिकवलं होतं की जात्यावरच्या ओवीला कवयित्री नसते. म्हणजे असते, पण ती सही करत नाही. दुसरी बाई तीच ओवी घेते, एक शब्द बदलते, आपल्या भावाचं नाव घालते आणि पुढे देते. साताऱ्याला शाळेत शिकवताना हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे, पण खरं सांगते, ते पाठ केलेलं होतं. त्या खोक्यातल्या चमच्याला पडलेली दोन वेडीवाकडी भोकं बघताना ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. एक भोक चुकलं म्हणून शेजारी दुसरं पाडलेलं होतं.

मिशिगन हे या छंदाला अगदी योग्य राज्य आहे. इथून दक्षिण-पश्चिमेला डोवाजॅक नावाचं गाव आहे. (स्पेलिंग वाचून कुणालाही हा उच्चार करता येणार नाही, माझ्याही दोन वर्षं लक्षात येत नव्हता.) तिथे जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा माणूस राहायचा. मित्राची वाट बघत तळ्याकाठी लाकडाचा तुकडा तासता तासता त्याने तो पाण्यात भिरकावला आणि बास जातीच्या माशाने त्यावर झडप घातली, अशी गोष्ट सांगतात. पुढे 1890 च्या दशकात त्याने हाताने कोरलेले लाकडी बेडूक आता संग्राहकांच्या स्वप्नात येतात. व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्यूएलची गोष्टही अशीच आहे: नावेत जेवताना हातातला चमचा पाण्यात पडला आणि खाली जाता जाता माशाने तो धरला. 1852 साली त्याने चमच्याच्या आमिषाचं पेटंट घेतलं. गोष्टीत मीठमसाला किती ते सोडून द्या, पण आमिषांचे मोठमोठे कारखाने निघाले त्यांच्या मुळाशी कुणीतरी असं चाकू घेऊन बसलेलं असतं. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 मध्ये आपलं पहिलं आमिष बुचाच्या लाकडातून कोरलं, चॉकलेटच्या चंदेरी कागदात गुंडाळलं आणि वरून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. हे वाचलं तेव्हा मला एकदम आमच्या वाड्यातला दिवाळीचा किल्ला आठवला. त्यातलं तळं आम्ही फुटक्या आरशाचं करायचो.

कारखान्यातल्या आमिषांचे संग्राहक पुष्कळ आहेत, 1976 पासून त्यांचा देशभराचा क्लब आहे. 2003 मध्ये हॅस्केल नावाचा एक तांब्याचा मासा लिलावात 1,01,200 डॉलरला गेला. हा आकडा मी घरात मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला, म्हणजे माझ्या चार-पाच डॉलरच्या खरेद्या कशा किरकोळ आहेत ते नवऱ्याच्या लक्षात यावं. घरी केलेल्या, बिननावाच्या आमिषांना मात्र बाजारात अनेक वर्षं भंगाराच्या टोपलीत जागा होती. अलीकडे त्यांना 'लोककला' म्हणू लागले आहेत. त्यामुळे किंमत वाढली, ही माझ्यासारख्यांची तक्रार.

या छंदात मी एक पातकही केलेलं आहे. दुसऱ्या वर्षी मला तांब्याचा एक सुंदर चमचा-मासा मिळाला, काळपट तपकिरी पडलेला. आपल्या हाताला सवय असते ना! दिवाळीच्या आधी देवाची भांडी घासायला काढलीच होती, त्यात मी तोही घातला. चिंच आणि मीठ. असा लखलखीत झाला म्हणता! दोन महिन्यांनी मोठ्या कौतुकाने एका जुन्या वस्तूंच्या बाजारात एका अनुभवी संग्राहकांना दाखवला. ते काही बोलले नाहीत. माणसं स्मशानात बोलत नाहीत तसे. मग म्हणाले, "याच्यावर साठ-सत्तर वर्षं होती. ती कुठे गेली?" तेव्हापासून मी मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकते, बस्स. गळ गंजला असेल तर गंजलेलाच राहू देते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरअखेर आम्ही पानांचे रंग बघायला उत्तरेला गेलो होतो, कॅडिलॅकच्या बाजूला. कॅडिलॅक म्हणजे इथे गाडी नव्हे, गाव. दोन तळी, मध्ये त्यांना जोडणारा कालवा, आणि हिवाळ्यात दोन्ही तळ्यांवर एवढा जाड बर्फ की लोक त्यावर खोपटी नेऊन ठेवतात. या भागात आमिषाचा आणखी एक प्रकार चालतो, त्याला गळच नसतो. बर्फाला मोठं चौकोनी भोक पाडायचं, त्यावर खिडकी नसलेलं अंधारं खोपटं ठेवायचं आणि आत बसायचं. बाहेरचा उजेड बर्फातून गाळून पाण्यात उतरतो आणि आत अंधार असल्यामुळे खालचं तळ दूरदर्शनच्या पडद्यासारखं दिसतं. मग एका हाताने दोरीला बांधलेला लाकडी मासा पाण्यात खेळवायचा. तो गोल गोल पोहतो. त्याला बघायला, खायला किंवा हुसकून लावायला पाइकसारखा मोठा मासा येतो आणि दुसऱ्या हातात पाच-सात टोकांचा भाला तयार असतो. ही युक्ती इथल्या मूळच्या लोकांची, ओजिब्वेसारख्या जमातींची. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ती त्यांच्याकडून घेतली.

या फसव्या माशांच्या जगातलं सर्वांत मोठं नाव कॅडिलॅकचंच आहे: ऑस्कर पीटरसन, 1887 ते 1951. पडेल ते काम करणारा माणूस. जन्मभर मासे कोरले, तेही हजारोंनी, आणि नगण्य किमतीला विकले. लोकांनी ते वापरले, तळ्यात हरवले, फळीवर टाकून दिले. 1990 मध्ये न्यूयॉर्कच्या लोककला संग्रहालयात बर्फाखालच्या या माशांचं प्रदर्शन भरलं. आज पीटरसनचा चांगला मासा हजारो डॉलरला जातो.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच गावाबाहेरच्या एका सेलमध्ये, जुन्या करवती आणि बरण्यांच्या मध्ये, वीतभर लांबीचा ठिपक्यांचा ट्राउट मासा दिसला तेव्हा माझा हात थरथरला. पत्र्याचे पर, पोटात शिशाची भर, शेपटीला किंचित बाक, रंगावर बारीक भेगांची जाळी. खुर्चीवर ऐंशीच्या पुढचे एक आजोबा बसले होते. मी किंमत विचारली. "पंधरा." मी घासाघीस केली नाही. भारतीय बाईने घासाघीस केली नाही यावरूनच त्यांना संशय यायला हवा होता.

ऑक्टोबरमध्ये मी तो त्याच चिंचवाल्या संग्राहकांना दाखवला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, दोनदा वजन तोलून बघितलं. खात्रीने सांगता येणार नाही म्हणाले, पण बाक आणि ठिपके कॅडिलॅकच्या पठडीतले आहेत, पीटरसनचा निघाला तर पंधराशे, कदाचित दोन हजार. विकायचा असेल तर आधी त्यांना सांगायचं.

दोन हजार डॉलर म्हणजे भारताचं एक तिकीट. त्या उन्हाळ्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी जाऊ शकले नव्हते. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती आपल्यातल्या अनेकजणींना न सांगता कळेल. व्हिसामुळे मला इथे नोकरी करता येत नाही. आठ वर्षं फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात मी 'गृहिणी' लिहिते. माझ्या डोळ्यांनी, माझ्या अभ्यासाने ओळखलेली ही पहिली वस्तू होती जिला कुणीतरी आकडा लावला होता. नवरा म्हणाला, "व्यवहार झाला. त्यांनी किंमत सांगितली, तू दिलीस. यात खोटं काय?" बरोबरच होतं. मी स्वतःलाही तेच सांगत होते. पण आठवीच्या वर्गावर कित्येक वर्षं मी 'जास्त आलेले सुट्टे पैसे परत करावेत का' यावर मुलांकडून वाद घालून घेतलेला होता, आणि दर वर्षी कोणत्या बाजूने माझी मान डोलायची हेही मला आठवत होतं. तीन आठवडे तो मासा कपाटात होता. भिंतीवर लावायचा धीर होईना.

नोव्हेंबरात एका शनिवारी आम्ही तीन तास गाडी हाकून परत तिथे गेलो. फोन नंबर नव्हता, घर तेवढं आठवत होतं. आजोबा पोर्चवरची पानं झाडत होते. मी मासा पुढे केला आणि वाटेत पाठ केलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकली: हा मौल्यवान असू शकतो, मला तेव्हाच शंका आली होती, मी बोलले नाही, चूक माझी आहे, हा तुम्ही परत घ्या.

त्यांनी मासा हातात घेतला, उलटा केला आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला. माझा लेक घाबरून बापाच्या मागे गेला. मग ते आम्हाला गराजमध्ये घेऊन गेले, दिवा लावला, भिंग दिलं आणि म्हणाले, "डाव्या पराच्या खाली बघा. पत्रा लाकडात शिरतो तिथे." बघितलं. कुठल्याशा डब्याचा पत्रा होता तो. आतल्या बाजूला छापलेल्या पत्त्याचा शेवट: राज्याचं नाव आणि पुढे पाच आकडे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? मलाही क्षणभर लागला. पाच आकडे म्हणजे झिप कोड, आपला पिनकोड. अमेरिकेत तो 1963 मध्ये आला. पीटरसन 1951 मध्ये गेला.

मासा आजोबांनीच केलेला होता. लहानपणी पीटरसनचे मासे त्यांच्या वडिलांच्या खोपट्यात होते, वापरून वापरून रंग उडालेले. पुढे एका हिवाळ्यात काम बंद पडलं, कारखान्याने घरी बसवलं, तेव्हा हात रिकामे राहू नयेत म्हणून त्यांनी आठवणीने तसे कोरायला सुरुवात केली. रंग जुना दिसावा म्हणून कडक काळ्या चहाचा हात द्यायचे. फसवायला नव्हे, नवा मासा फार चमकतो आणि पाइक बिचकतो म्हणून. भेगांची जाळी मात्र खरी होती, गराजमधल्या चाळीस-पन्नास हिवाळ्यांची. "मला वाटलं तुला भिंतीला लावायला हवाय," ते म्हणाले. "पीटरसन हवा होता तर पंधरा डॉलरला कोण देईल?"

म्हणजे खरा मासा पकडायला केलेला खोटा मासा, आणि मी त्याला खोटा पीटरसन करून ठेवलेलं! परतीच्या रस्त्याला नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग अॅन आर्बरच्या जवळपास दोघांनाही एकदम हसू फुटलं. पण हेही सांगते की त्या रात्री मला थोडं रडूही आलं. तिकीट गेलं म्हणून, आणि आकडा गेला म्हणूनही. संग्राहकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "पर काढून बघायला हवा होता." बस्स, एवढंच.

आजोबांनी मासा परत घेतला नाही. उलट आणखी एक दाखवला, पाण्याच्या टाकीत सोडून. माझ्या दृष्टीने त्या दिवशीची खरी कमाई ती होती. मासा कोरणं सोपं, तो पोहायला शिकवणं अवघड, असं त्यांचं म्हणणं. पोटाला खाच पाडून त्यात वितळलेलं शिसं ओततात. पुढे जास्त झालं तर मासा नाक खाली करून बुडतो, मागे जास्त झालं तर उभा राहतो. थोडं ओतायचं, टाकीत सोडायचं, बघायचं, चाकूच्या टोकाने कणभर काढायचं, परत सोडायचं. मग परांची पाळी. दोरी वर ओढून सैल सोडली की परांच्या तिरकेपणामुळे मासा पुढे सरकतो आणि शेपटीच्या बाकामुळे वळतो. कागदावर याचं गणित नाही. "एक मासा रंगवायला मला दुपार लागते, पोहायला लावायला आठवडा," ते म्हणाले. माझे भिंतीवरचे मासे मी तोवर चित्रासारखे बघत होते. घरी आल्यावर एकेकाचं पोट बघितलं. चारांच्या शिशावर चाकूचे बारीक ओरखडे होते.

पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी आम्हाला खोपट्यात बसवलं. मी, नवरा आणि लेक, तिघं दाटीवाटीने, पायाशी छोटी शेगडी. दार लावल्यावर खालचं पाणी हिरवं उजळलं. तळाची वाळू, एक शिंपला, सगळं स्पष्ट. आजोबांनी माझाच पंधरा डॉलरचा मासा दोरीला बांधून सोडला. मला धस्स झालं, संग्रहातली वस्तू पाण्यात! पण तो असा डौलात फेरी घ्यायला लागला की मी गप्प बसले. वीस मिनिटं काही नाही. मग कडेच्या अंधारातून एक लांबट सावली आली, माझ्या माशाच्या समोर थबकली आणि स्थिर राहिली. लेकाने माझा हात घट्ट धरला. भाला आजोबांच्या हातात होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं. मी शाकाहारी आहे हे त्यांना माहीत होतं, त्या दिवशी ते मुद्दाम चीज सँडविच घेऊन आले होते. भाला त्यांनी उचलला नाही. पाइक एक फेरी मारून निघून गेला. "लहान होता," ते म्हणाले. तो लहान नव्हता.

या उन्हाळ्यात मी पहिला मासा कोरला. पाइनचं लाकूड, लेकाचा पॉलिश पेपर, एका बोटाला दोन टाके. शिसं ओतायचं काम आजोबांच्या गराजमध्ये, दार उघडं ठेवून, लेकाला बाहेर उभं करून केलं. डोळ्यांना चुका मारल्या. परांसाठी आमरसाच्या डब्याचा पत्रा कापला, त्यावर छापलेल्या हापूस आंब्याचा देठाकडचा भाग डाव्या पराच्या आत गेला आहे. भिंग घेऊन बघणाऱ्याला सापडेल. रंग लाल-पांढरा, कारण ठिपके मला जमत नाहीत.

आमच्या बाथटबमध्ये तो नाक किंचित वर करून पोहतो आणि वळतो तो फक्त डावीकडे. आजोबा म्हणतात, शेपटी केसभर वाकव. दिवाळीचा फराळ आटोपला की बघते.